नेम आणि सोबत : शाळेनंतरचा व्यायाम

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेत व्यायामाचा तास येतो तेव्हा ‘आज व्यायाम करावासा वाटतो का?’ असे कोणी कोणाला विचारीत नाही. घंटा होते, वर्ग रिकामा होतो, मैदानावर रांगा लागतात आणि शिक्षकांच्या शिट्टीसरशी सर्वांचे हात एकदम वर जातात. त्या मुलांपैकी काही उत्साही असतात, काही कंटाळलेली असतात, काहींचे चित्त पुढच्या तासाच्या राहिलेल्या गृहपाठात गुंतलेले असते; पण व्यायाम सर्वांचाच होतो. दहा वर्षे हा क्रम चालतो. मग शाळा सुटते, महाविद्यालय, नोकरी, संसार असा प्रवास सुरू होतो आणि चाळिशीच्या आसपास एखाद्या तपासणीचा कागद हाती आला की त्याच विद्यार्थ्याला प्रथमच जाणवते की गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शरीराला नियमाने काहीच मिळालेले नाही. ‘वेळ नाही’ हे कारण तोंडाशी असतेच. परंतु वेळ मिळाला तरी व्यायाम टिकत नाही, हा अनुभव त्याहून व्यापक आहे. तो का टिकत नाही आणि टिकावा यासाठी काय करावे, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

शाळेने व्यायामासाठी तीन गोष्टी पुरविल्या होत्या : ठरलेली घंटा, ठरलेले मैदान आणि बरोबरीचे सवंगडी. शाळेबरोबर या तिन्ही मागे राहतात. प्रौढ माणूस त्यांची उणीव उत्साहाने भरून काढू पाहतो आणि तेथेच फसतो. नववर्षाच्या पहिल्या दिवशी किंवा गुढीपाडव्याला संकल्प होतो. व्यायामशाळेचे वर्षाचे शुल्क एकदम भरले जाते. नवे बूट येतात. पहिल्या दिवशी वीस वर्षांची थकबाकी एका तासात फेडण्याचा प्रयत्न होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग इतके दुखते की जिना उतरणे कठीण होते. तिसऱ्या आठवड्यात घरी पाहुणे येतात किंवा कार्यालयात वर्षअखेरीची धावपळ सुरू होते, चार दिवस खंड पडतो आणि पाचव्या दिवशी ‘आता पुढच्या महिन्यापासून’ असे मन सांगते. व्यायामाचे श्रम तत्काळ जाणवतात आणि लाभ मात्र काही आठवड्यांनी, महिन्यांनी दिसू लागतो. या मधल्या काळात नुसत्या उत्साहावर भिस्त ठेवली तर तो अर्ध्या वाटेतच संपतो, यात नवल नाही.

उत्साहाच्या या मर्यादेचा एक बोलका पुरावा संशोधनात सापडतो. ब्रिटनमध्ये मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या तीन संशोधकांनी २४८ जणांवर केलेला एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटांचा चांगला व्यायाम कोण करतो, एवढेच पाहायचे होते. एका गटाला काहीच सांगितले नाही. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो याची माहिती वाचावयास दिली. तिसऱ्या गटाला ती माहिती तर दिलीच, शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार हे लिहून देण्यास सांगितले. पहिल्या गटातील ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला, दुसऱ्यातील ३५ टक्के लोकांनी आणि तिसऱ्या गटातील ९१ टक्के लोकांनी. उपदेशाने मन वळले असेल, पण शरीर हलले नाही. वार, वेळ आणि ठिकाण लिहिले गेले तेव्हा ते हलले. शाळेचे वेळापत्रक दुसरे काय करीत होते?

मराठी भाषेने हे मर्म पूर्वीच ओळखले होते, असे तिच्या शब्दांवरून वाटते. तिच्यात ‘नेम’ हा शब्द आहे. पूजेचा नेम, वारीचा नेम, एकादशीचा नेम. नेमाला इच्छा विचारली जात नाही; तो चुकला की चुकल्यासारखे वाटते, एवढेच. आखाड्याला मराठीत ‘तालीम’ म्हणतात आणि या मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण असा आहे. तालमीत व्यायाम ‘करीत’ नाहीत, तेथे ‘मेहनत’ करतात. या तिन्ही शब्दांत आवडीचा, उत्साहाचा किंवा मौजेचा उल्लेख नाही. मौज येते, पण ती नेमाच्या मागून येते.

एकट्याने चालविलेल्या नेमाचे उदाहरण म्हणून औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे नाव घ्यावे लागेल. १८६८ ते १९५१ हा त्यांचा जीवनकाल. तरुणपणी त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या युजेन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते सोडले नाहीत. राणीसाहेब व मुले यांनाही त्यांनी त्या नेमात घेतले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. १९३८ मध्ये या विषयावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. या वृत्तान्तात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. सूर्यनमस्काराला साधन लागत नाही, साडेतीन हात जागा पुरते, पाऊस असो वा प्रवास असो, तो अडत नाही. म्हणून तो एकट्या माणसाच्या नेमाला सोयीचा. आणि दुसरी गोष्ट अशी की हा एकट्याचा नेमदेखील एका मित्राच्या शब्दाने सुरू झाला आणि घरच्या माणसांच्या सहवासात वाढला.

एकट्याने व्यायाम करणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आरंभ इतका लहान असावा की नाही म्हणण्यास लाज वाटावी : दोन सूर्यनमस्कार, किंवा दहा मिनिटे चालणे. वेळ घड्याळावर ठेवण्यापेक्षा रोज आपोआप घडणाऱ्या एखाद्या कृतीला बांधावी. दात घासून झाले की नमस्कार, सायंकाळी देवापुढे दिवा लावून झाला की चालणे. अशा रीतीने जुन्या सवयीची घंटा नव्या सवयीसाठी वाजते. भिंतीवरील दिनदर्शिकेवर झालेल्या दिवसाची खूण करावी आणि ती घरातील सर्वांना दिसेल अशा जागी असावी. वजनाचा काटा रोज पाहू नये. तो आहार, पाणी, ऋतू अशा अनेक कारणांनी हलतो आणि उगाच निराश करतो. त्याऐवजी जिना चढताना लागणारा दम, शांत झोप आणि खाली मांडी घालून बसल्यावर हाताचा आधार न घेता उठता येणे, या खुणा पाहाव्यात. ज्यांना हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा सांध्यांचे दुखणे आहे त्यांनी आरंभापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

खंड पडला तर काय, हा प्रश्न एकट्या माणसाला फार छळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय जडण्यास किती काळ लागतो, याचा ९६ स्वयंसेवकांच्या साहाय्याने अभ्यास केला. सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवसांचा निघाला. व्यक्तिपरत्वे तो १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते, या लोकप्रिय समजुतीवर विसंबून बाविसाव्या दिवशी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात असेही आढळले की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारशी बाधा येत नाही. चुकलेल्या दिवसाची हळहळ करीत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी निम्म्या प्रमाणाने का होईना, पुन्हा उभे राहावे. लग्नसराई, परीक्षा, आजारपण हे प्रत्येक घरात येणारच. परतण्याची वाट ठाऊक असली म्हणजे पुरे.

आता सोबतीकडे वळू या. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी माणसाला हा विषय विशेष जवळचा आहे, कारण तो जेथे जेथे गेला तेथे देऊळ, नाट्यमंडळ आणि शाळा यांच्याबरोबर त्याने आखाडाही नेला. पेशवाई संपल्यावर १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाचा परिवार गंगातीरी ब्रह्मावर्तास गेला, तेव्हा मल्लखांबाची विद्याही तिकडे गेली. या विद्येचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर हे त्याच बाजीरावाच्या पदरी होते. बडोद्यात राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आपल्या गुरूंच्या नावाने जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपास आणले. त्याच आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाच्या तरुणाने शिक्षण घेतले. पुढे हेच स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले. मराठीतील ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा अनेक खंडांचा थोर ग्रंथही दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादनाखाली बडोद्यातूनच निघाला. परप्रांतात आपली माणसे रोज एका ठिकाणी भेटावीत, हाही या आखाड्यांचा एक लाभ होता. शरीर घडत होते आणि त्याबरोबर समाजही.

आखाड्यात सोबत्याला एक नेमका शब्द आहे : ‘जोड’. कुस्ती जोड पाहून लावतात. जोड अगदी दुबळा असेल तर अंग हलत नाही आणि फार भारी असेल तर हिंमत खचते. थोडा वरचढ असलेला जोड सर्वांत उपयोगी. ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात नौकानयन मंडळातील तरुणांना वजन उचलावयास लावले, तेव्हा नेमके हेच दिसले. दोघांचे काम एकमेकांवर अवलंबून असले म्हणजे दुबळा गडी एकट्यापेक्षा अधिक वेळ टिकून राही आणि दोघांच्या शक्तीत मध्यम अंतर असताना हा लाभ सर्वाधिक होई. तालमीतील वस्तादाला हे सांगण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडली नव्हती.

म्हणून व्यायामाचा सोबती निवडताना केवळ मैत्री पाहू नये. राहण्याचे अंतर जवळचे असावे, उठण्याची वेळ जुळावी आणि शक्ती फार विषम नसावी. ठिकाण व वेळ एकदाच ठरवावी. ‘येणार ना?’ असा फोन सकाळी करू नये. त्या प्रश्नाबरोबर नकाराचे दार उघडते आणि समोरचा गादीवर पडल्यापडल्या कारण शोधू लागतो. पाच मिनिटे वाट पाहावी आणि सोबती आला नाही तर एकट्याने निघावे. असे एकदा निघून गेले की दुसऱ्या दिवशी तो वेळेवर येतो. शक्य असल्यास सोबती दोन असावेत, म्हणजे एक परगावी गेला तरी नेम मोडत नाही. चालणाऱ्यांनी गतीची एक सोपी कसोटी लक्षात ठेवावी : बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग योग्य. पुष्कळ जोड्या गप्पांत इतक्या रंगतात की चालणे हे निमित्त उरते; त्यांनी निदान अर्धी वाट झपाट्याने चालावी आणि गप्पा परतीच्या वाटेसाठी राखाव्यात.

सोबतीचेही धोके आहेत. दोघांचा आळस एकाच सकाळी जागा झाला की एकमेकांची समजूत घालण्यास वेळ लागत नाही. काही वेळा ईर्ष्या वाढते आणि पन्नाशीतला गृहस्थ तिशीतल्या शेजाऱ्याच्या बरोबरीने धावून गुडघा दुखावून घेतो. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे परावलंबन. सोबत्याची बदली होते, तो मुलाकडे परदेशी जातो, कधी त्याचे निधनही होते आणि मागे राहिलेल्याचा व्यायाम त्याच्याबरोबर संपतो. याचे उत्तरही आखाड्यानेच दिलेले आहे. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. जोड नसेल तेव्हा मल्लाने सरावासाठी ज्याला मिठी घालावी, असा हा अबोल लाकडी जोडीदार. त्या खांबावर पुढे एक स्वतंत्र आणि देखणी विद्या उभी राहिली. सोबत असताना कुस्ती आणि सोबत नसताना खांब, अशी दुहेरी व्यवस्था प्रत्येकाने आपल्यापुरती करून ठेवावी. आठवड्यातील चार दिवस सोबत्याबरोबर चालावे. दोन दिवस मुद्दाम एकट्याने घरी नमस्कार, बैठका, जोर घालावेत. मग सोबती गेला तरी दुःख होईल, पण नेम अनाथ होणार नाही.

माता-भगिनींविषयी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे. ‘दिवसभर घरकाम करते तोच व्यायाम’ हे वाक्य बहुतेक घरांत ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे नाही. घरकामाची हालचाल शरीराच्या कामी येतेच. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूत्रांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर निदान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही सांगितला आहे. लाटणे आणि केरसुणी यांतून तो क्वचितच साधतो. वाढत्या वयात स्नायू आणि हाडे क्षीण होत जातात, हे ध्यानी घेतले तर या दोन दिवसांचे महत्त्व कळेल. खरी अडचण बहुधा निराळीच असते : घरातील प्रत्येकाचे आवरून झाल्यावर उरेल तो वेळ गृहिणीचा, आणि तो उरत नाही. येथे सोबत फार मोलाची ठरते. ‘मी फिरायला जाते’ असे म्हणताना जो संकोच होतो, तो ‘खाली सगळ्या थांबल्या आहेत’ असे म्हणताना होत नाही. घरातील पुरुषांनी त्या अर्ध्या तासात चहा आणि डबे यांची जबाबदारी उचलली, तर तोही एक प्रकारचा जोडीदारच ठरेल.

शेवटी पालकांना एक कळकळीची विनंती. त्याच सूत्रांत ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांचा मध्यम ते दमदार व्यायाम सांगितलेला आहे. प्रत्यक्षात नववी संपली की मुलांचे मैदान बंद होते. शिकवणीचे वर्ग वाढतात, व्यायामाचा तास गणिताकडे जातो आणि पालकही म्हणतात, ‘एकच वर्ष, मग खेळायचेच आहे.’ त्या एका वर्षामागून अकरावी-बारावीची दोन वर्षे येतात, नंतर प्रवेशपरीक्षा येतात आणि मग नोकरी. चाळिशीत तपासणीचा कागद हाती घेऊन बसलेल्या माणसाचा व्यायाम बहुधा दहावीच्याच वर्षी सुटलेला असतो. दहावीच्या वेळापत्रकात अभ्यासाइतक्याच ठसठशीत अक्षरांत खेळाची वेळ लिहिली, तर मुलाला एक गोष्ट आयुष्यभरासाठी समजेल : काम वाढले म्हणून शरीराचा तास रद्द होत नसतो. आणि हे त्याला सांगून कळणार नाही. आई किंवा वडील ठरल्या वेळी बूट घालून बाहेर पडताना दिसले पाहिजेत. मुलाला बरोबर घेतले तर अधिक उत्तम. काही वर्षांनी तोच हात धरून आई-वडिलांना चालावयास नेईल.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने जुने वर्गमित्र-मैत्रिणी पुन्हा भेटत आहेत. कोणी याच शहरात आहे, कोणी मुंबई-पुण्यात, कोणी परदेशी. या मेळाव्यातून निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या तुकडीतील एकाला गाठावे आणि वार, वेळ व ठिकाण ठरवून ते लिहून घ्यावे. जे एका गावात आहेत त्यांनी बरोबर चालावे. जे दूर आहेत त्यांनी एकाच वेळी आपापल्या घरी नमस्कार घालावेत आणि झाल्याची खबर एकमेकांस द्यावी. एकेकाळी शाळेची घंटा सर्वांसाठी वाजत होती. ती आता ज्याची त्याने वाजवायची आहे आणि जमल्यास शेजारच्यालाही ऐकू जाईल अशी वाजवायची आहे.